लाईट जायची तेव्हा

प्रिय दीपक,

तुला आणि अर्चनाला आशीर्वाद, आणि मोहितच्या गालाला माझ्याकडून बोट लाव. पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहून टाकतो की घरात सगळे धड आहेत. तुझ्या आईचा गुडघा सोडला तर कोणाचं काही दुखत नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशील. तू फोन करतोस तेव्हा मी कारखान्यात मागावर असतो, आणि मी बाहेर रस्त्यावर येईपर्यंत तुझी जेवणाची सुट्टी संपलेली असते. मागच्या खेपेला तू आपल्या लेकीच्या, भूमिकेच्या शाळेचं विचारलंस, मी 'झालं, झालं' म्हणालो आणि तू खूश होऊन फोन ठेवलास. तसं झालेलं नाही. म्हणजे झालंही आहे. ते नीट सांगायचं तर कागद पाहिजे. कागदावर मधे कोणी बोलत नाही, हाही एक फायदा.

आज शुक्रवार, माग बंद. इतवाऱ्यातल्या आपल्या नेहमीच्या चहाच्या हॉटेलात बसलो आहे, ज्याच्या पाटीवरचं 'अल्पोपहार' मी दुरुस्त करून दिलं होतं. आता नव्या मालकानं पाटी नवी केली आणि चूक पुन्हा जशीच्या तशी उतरवली आहे. भूमिका समोर बसून चहात टोस्ट बुडवते आहे. बुडवते, वर काढते, बघते, टोक मऊ झालं की खाते. एकही टोस्ट तिनं कपात पडू दिला नाही. हे लिहितो कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तुला वाटेल की पोरीला समज कमी आहे. समज कमी नाही.

शाळेत तिला आम्ही दोघं घेऊन गेलो होतो. तुझ्या आईनं तिला तू दिवाळीला पाठवलेला गुलाबी झगा घातला होता, केसांना तेल लावून घट्ट वेण्या. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. तुला माहीत आहे, अशा ठिकाणी मी पुढे होऊन बोलतो. अर्ज मी स्वतः भरला, जन्मतारखेच्या दाखल्यावर तुझ्या नावात जी वेलांटी चुकली आहे तीही दाखवून दिली. हेडमास्तर सर म्हणाले, आप पढे-लिखे हैं. मी म्हणालो, शिकलेला नाही, वाचलेला आहे. मला ते वाक्य आवडलं होतं, घरी येऊन तुझ्या आईला सांगावं असं वाटलं होतं. तेवढ्यात भूमिकेनं सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पोटावरून गोल हात फिरवला.

तुला हसू येईल. मागावर शेठ आला की आम्ही एकमेकांना हीच खूण करतो, तूही लहानपणी करायचास. खुर्चीत बसलेला, पोट सुटलेला, टेबलावर हात ठेवलेला माणूस बघून तिनं मला इमानदारीनं खबर दिली की शेठ आला आहे, अण्णा, कामाला लागा. पण सरांना वाटलं पोरीला भूक लागली आहे. त्यांनी खणातून बिस्किटाचा पुडा काढला आणि म्हणाले, घरसे खिलाके लाया करो. तुझी आई पदरात तोंड लपवून हसत होती. मला हसू आलं नाही. आपल्या घरून पोर उपाशी कधी कुठे गेलेली नाही. पण खुणेचा अर्थ तरी कसा सांगणार होतो त्यांना?

मग मालती मॅडम आल्या. पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे. वयानं तुझ्याएवढ्याच असतील, चेहऱ्यानं थकलेल्या पण आवाज गोड. त्यांनी खाली बसून नाव विचारलं, आधी हिंदीत, मग मराठीत. भूमिका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग त्यांच्या हातांकडे. हात काही करत नव्हते. ती थांबून राहिली. मॅडमनं आंब्याचं चित्र दाखवलं, हे काय म्हणून. तिनं खाण्याची खूण केली. लाल रंग कुठे, निळा कुठे, तर नुसतं बघणं. मग त्यांनी चित्रांचं पुस्तक तिच्या हातात दिलं. दीपक, तिनं ते उघडलं नाही. पुस्तकाची कड चिमटीत धरली, अंगठ्यानं चोळत वरपासून खालपर्यंत नेली, उलटं करून दुसरी कड बघितली, मान हलवली आणि टेबलावर बाकीच्या पुस्तकांवर नीट रचून ठेवलं. मी रोज संध्याकाळी कापडाचं ठाण असंच तपासतो. ती रोज शेजारी उभी राहून बघते. तिच्या हिशेबी तिनं पुस्तक तपासून पास केलं होतं.

आमच्या मागे इतवाऱ्यातल्या एका भांडेवाल्याचा मुलगा होता. त्यानं न विचारता कविता म्हणून दाखवली, रंग सांगितले, आणि मॅडमना विचारलं की तुमच्या साडीवर मोर का आहे. त्याचा बाप काही मोठा विद्वान नाही, दुकानात जुन्या भांड्यांची मोड तोलून घेतो. पण पोरगा दिवसभर गल्ल्याशेजारी बसतो, गिऱ्हाईक येतं-जातं, घासाघीस होते, बाप थट्टा करतो, आजी ओरडते. त्याच्या कानावरून दिवसभर माणसं वाहत असतात. हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी मला फक्त त्या पोराचा राग आला.

मॅडमना वाटलं ती बहिरी आहे. मी म्हणालो, मुळीच नाही, सांगाल ते करते. खरंच करते. घरी तिला काही दोनदा सांगावं लागत नाही. दोन बोटं ओठांशी नेली की चहाची किटली आणते, मूठ तळव्यावर आपटली की लांब सरकते, तुझ्या आईनं सुताची कांडी भरण्याच्या मशीनवरून हात वर केला की रिकाम्या कांड्यांची टोपली ओढत नेते. पूर्ण कारखाना तिचं कौतुक करतो. शेजारच्या मागावरचा समाधान तर म्हणतो, मोठ्या माणसाला इतकं पटकन समजत नाही. तुम्ही व्हिडिओवर येता तेव्हा ती तुम्हाला हात फिरवून काय काय दाखवते, तू हसून तसंच परत करून दाखवतोस, आणि अर्चना म्हणते, किती मस्तीखोर झाली. ती मस्ती नसते. परवा ती तुला हवेत बोट आडवं ओढून दाखवत होती, तीनदा-चारदा. तू विसरलास का? मागावर सुताची तार तुटली की मिस्त्रीला बोलवायला आपण तसं बोट ओढतो. तार तुटली, ये. बोलवायला तिच्याजवळ तेवढीच एक खूण आहे.

मॅडमच्या सांगण्यावरून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. कान तपासणारी डॉक्टर अगदी पोरसवदा होती. तिनं भूमिकेच्या कानाला यंत्र लावलं, मागून टाळ्या वाजवल्या, चमचा पाडला. म्हणाली, कान सध्या ठीक आहेत. मला हायसं वाटलं, मी उठायलाच लागलो. तिनं विचारलं, घरात हिच्याशी कोण बोलतं? मी म्हणालो, सगळेच. तिनं विचारलं, "आज सकाळी काय बोललात तिच्याशी?" मी आठवून बघितलं. तुला माहीत आहे, माझी आठवण पक्की आहे, कुठल्या बीमला कुठलं सूत लागलं होतं ते मी वर्षानंतर सांगतो. मी म्हणालो, "चल, म्हणालो." ती म्हणाली, "आणि काल?" मी तुझ्या आईकडे बघितलं. तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं. बाहेर पुढचा नंबर पुकारत होते.

कारखान्यातली आपली खोली तू बघितलीस त्यापेक्षा बदलली आहे. तू ज्या ओसरीवर झोपायचास तिथे शेठनं दोन वर्षांमागे आणखी माग टाकले. म्हणजे आधी पत्र्याच्या एका बाजूला आवाज होता, आता दोन्ही बाजूंना आहे आणि आपण मधे. दिवसपाळी मी करतो, रातपाळीला दुसरे येतात. तुझी आई कांडीच्या मशीनवर. भूमिका तिच्या पायाशी. आपण ज्याला घर म्हणतो तिथे मागातल्या धोट्याच्या खटखटीवर माणसाचा आवाज चढत नाही, चढवला तर घसा बसतो, म्हणून कोणी चढवत नाही. शेजारची मालूबाई कधी आपला मोबाईल तिच्या हातात देते. त्यात चित्रं नाचतात, गाणारी तोंडं उघडतात-मिटतात, ऐकू काहीच येत नाही. तिला ते विचित्र वाटत नाही. तिला वाटतं, जगात सगळे असेच आहेत.

अंगणवाडीत घातलं होतं. तिथल्या आशाबाईनं मागच्या हिवाळ्यातच तुझ्या आईला सांगितलं होतं की पोर बोलत नाही. तुझी आई म्हणाली, हिचा बापही उशिराच बोलला होता. हे खोटं आहे. तू लवकर बोललास, आणि थांबायचं नाव घ्यायचा नाहीस. पुढे सोडायला-आणायला कोणी मोकळं नसायचं, तर तेही सुटलं. खिचडी मात्र डब्यात घरी येत राहिली, ती मालूबाई आणायची.

दवाखान्यातून येताना रिक्षात मी तुझाच विचार करत होतो. तोच कारखाना, तीच खोली, तोच मी. मग तू कसा बोललास? तू पाटीवर अक्षरं काढत शाळेत गेलास. गुरुजींनी विचारलं, कोणी शिकवलं, तर तू छाती काढून सांगितलंस, अण्णांनी. मीही गावभर तेच सांगत आलो. हॉटेलात कोणी म्हणालं की गरिबाच्या पोरांनी कुठून शिकायचं, तर मी त्याला गप्प करायचो. म्हणायचो, गरिबी आडवी येत नाही, आळस येतो. कांडीच्या पेटीत अंथरलेल्या वर्तमानपत्रावरून मी अक्षर लावायला शिकलो, माझा पोरगा माझ्यावरून शिकला, कोणाला काय कमी आहे? समाधानला तर मी तोंडावर बोललो आहे, त्याचा रितेश पाचवीत जाऊनही वाचत नाही म्हणून.

आणि रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा मला आठवलं. लाईट.

तुझ्या लहानपणी लाईट जायची, दीपक. आठवत असेल तुला. दिवसातून कितीदा जायची याचा काही नेमच नव्हता. चालता माग मधेच दमून थांबायचा, धोटा अर्ध्या वाटेत अडकायचा, आणि सगळ्या कारखान्यातून एकदम शिव्या उठायच्या, कारण आपली मजुरी कापडावर, मीटरवर. कापड थांबलं की मजुरी थांबली. मीही शिव्या द्यायचो. मग घाम पुसून मी ओट्यावर यायचो आणि तू मांडीवर येऊन बसायचास. विचारायचास, अण्णा, आता काय? मी तुला केळीच्या ट्रकच्या गोष्टी सांगायचो, दिल्लीला जाताना वाटेत पिकलेल्या केळ्याची. तू मधेच प्रश्न विचारायचास, मला उत्तर सुचलं नाही तर आई सांगायची, शेजारचा कौतिक आपलं घुसडायचा, सगळे मोकळेच बसलेले. जमिनीवर मागाखाली पांढरी रुई साचलेली असायची, तिच्यात मी बोटानं 'द' काढायचो आणि तू फुंकर मारून पुसायचास. लाईट आली की मी उठायचो आणि तू रडायचास. आई तुला उचलून म्हणायची, रडू नको, जाईल परत.

आता लाईट जात नाही. लोक म्हणतात, हे एक चांगलं झालं. चांगलंच झालं, मी नाही कुठे म्हणतो. सकाळी माग चालू होतो तो पाळी संपेपर्यंत चालू असतो, मग त्याच मागावर दुसरा उभा राहतो. मी ज्याला माझी कर्तबगारी म्हणत होतो ती लाईट जाण्यात होती. मांडीवर बसायला तुला वेळ मिळाला, तो आम्ही दिला नव्हता. आमचं नुकसान होत होतं, म्हणून मिळाला होता.

आणि माझं स्वतःचंही तेच. मी शाळा बघितली नाही हे खरं. पण माझी आई तापीकाठच्या केळीच्या बागांत मजुरीला जायची आणि मला झोळीत बांधून न्यायची. बागेत काय असतं? सावली, पाणी, आणि बाया. बाया दिवसभर बोलायच्या. सासूचं, नणंदेचं, मालकाचं, कोणाला दिवस गेले, कोणाची म्हैस आटली. अहिराणीत भांडायच्या, मराठीत लग्न जमवायच्या, हिंदीत मुकादमाची नक्कल करायच्या. मी पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत ते सगळं कानात भरून घेतलं. पुढे कागदावर अक्षर दिसलं तेव्हा ते ज्या शब्दाचं होतं तो शब्द आधीच माझ्या घरात राहत होता. अक्षरं मी कमावली, शब्द मला फुकट मिळाले होते. भूमिकेला कोणी ते दिले नाहीत, आणि आता शाळा तिच्याकडे त्यांचीच मागणी करते.

कळल्यावर मी हात बांधून बसलो नाही, हेही तू लक्षात घे. आधी शेठकडे गेलो. म्हणालो, मागाच्या बाहेरची, रस्त्याकडची खोली द्या. तो चांगला माणूस आहे, चहा पाजला. म्हणाला, ती खोली तर सुताचं गोदाम आहे, आणि आत्माराम, ही खोली मागासोबत आहे, माग सोडलास तर खोलीही गेली. बाहेर भाड्यानं घ्यायची आपली ऐपत असती तर तू सुरतेला गेलाच नसतास. मग वाटलं, रातपाळी घ्यावी, म्हणजे दिवसा पोरीजवळ बसता येईल. घेऊन बघितली. दिवसा मी झोपतो, दीपक. माणूस रात्रभर उभा राहून दिवसा गोष्टी सांगू शकत नाही. मग एकदा तिला जवळ घेऊन, कानाशी तोंड नेऊन, ओरडून कावळ्या-चिमणीची गोष्ट सांगायला लागलो. तिनं दोन्ही कानांवर हात दाबले आणि रडली. तिला वाटलं मी रागावलो आहे. आमच्याकडे तोंडानं कोणी बोललं तर ते फक्त रागावल्यावर. तुझी आई मशीनवरून उठून आली, पोरीला घेतलं, आणि मला म्हणाली, "माग बंद करता का तिच्यासाठी?" टोमणा मारला नव्हता तिनं. खरंच विचारत होती.

उरला शुक्रवार. दर शुक्रवारी मी तिला राजघाटावर न्यायला लागलो. तिथे शांत असतं, बाया कपडे धुतात, पोरं पोहतात. नदीतला दगडी हत्ती बघून तिचे डोळे मोठे झाले. मी म्हणालो, हत्ती. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हणालो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "त्ती." मी तिला उचलून घाटावर फिरवलं, भेळ घेतली, घरी येईपर्यंत ती मधे मधे म्हणत होती, त्ती, त्ती. पण तुला खरं सांगतो, त्या घाटावर मला पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं. हत्ती झाला, पाणी झालं, नाव झाली, मग मी गप्प. इतकी वर्षं मागावर उभा राहून मीही बोलायचा राहिलो आहे. वाचतो खूप, पण मनात. माझे ओठ हलत नाहीत, याचा मला गर्वच होता. दुसऱ्या शुक्रवारी मी हत्तीकडे बोट दाखवलं. तिनं आनंदानं हात नाकाशी धरून सोंड हलवून दाखवली. शब्द गेला होता, खूण मात्र तिनं मधल्या दिवसांत स्वतः बनवली होती. सहा दिवसांच्या खटखटीपुढे एक शुक्रवार कुठे पुरणार?

शाळेत नाव मात्र घातलं गेलं. आजकाल कोणाला परत पाठवत नाहीत. सरांनी सही केली, पुस्तकं मिळाली, गणवेश येणार आहे. मी मालती मॅडमना एकटं गाठून विचारलं, हिचं होईल ना? त्या खोटं बोलू शकल्या असत्या. त्यांनी आधी वर्गाकडे बघितलं. बाकांवर मावत नव्हती इतकी पोरं, काही खाली सतरंजीवर. त्या म्हणाल्या, "काका, मी तिला पुढे बसवीन. पण तिच्याशी बोलत बसायला मला वेळ मिळणार नाही. घरी बोला तिच्याशी, खूप बोला." मी मान हलवली. त्यांना घर कसं सांगणार? आता ती रोज सकाळच्या शाळेला जाते, पहिल्या रांगेत बसते, फळ्यावरची अक्षरं वहीत हुबेहूब उतरवते. वळण माझ्याहून चांगलं आहे. शेजारीण येऊन बघते आणि म्हणते, आजोबांवर गेली. पण ती अक्षरं नाहीत, नक्षी आहे. साडीच्या काठावर जशी असते तशी. रितेशही असंच उतरवतो. समाधाननं मला परवा त्याची वही दाखवली, पानंच्या पानं भरलेली, आणि म्हणाला, आत्माराम, तुला काय वाटलं, माझा पोरगा आळशी होता?  भूमिकेलाही दरवर्षी वर चढवतील. पाचवीपर्यंत ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येणार नाही, आणि नंतर आली तर लोक म्हणतील, गरिबाची पोर, डोक्यानं कमी होती. मीच म्हणालो असतो.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. आखाजीच्या सणाला तुम्ही मोहितला आणून इथे सोडणार, अर्चनाला पॅकिंगचं काम लागलं आहे, असं तुझ्या आईनं सांगितलं. ती हो म्हणून बसली आहे. झोळी धुतली, आढ्याला दोर नवा बांधला, रोज त्या दोराला लोंबकळून बघते की धरतो का. मी तिला काही बोललो नाही. मोहित आत्ता जेवढा आहे, बरोबर तेवढीच भूमिका होती, तू तिला ठेवून गेलास तेव्हा. आणि ती बोलायची, दीपक. तू विसरला नसशील. पप्पा म्हणायची, भूभू म्हणायची, चांदोबाला बाय म्हणायची. पहिले काही दिवस मागाच्या वर आवाज चढवून बोलत राहिली. मग नुसते ओठ हलायचे. मग तेही थांबलं, आणि आम्ही कारखानाभर सांगितलं की पोरगी शहाणी झाली, आता त्रास देत नाही. मालूबाई म्हणाली, असं लेकरू नशिबानं मिळतं. परवा तू घरून फोन केलास तेव्हा मागून मोहितचा आवाज आला. मी पार रस्त्यावर आलो होतो म्हणून ऐकू आला. काहीतरी मोठ्यानं सांगत होता कोणाला, भांडत होता बहुतेक. त्याला आणू नकोस. आजा होऊन लिहितो आहे, त्याला मांडीवर घ्यायला मी किती आसुसलो आहे ते मला माहीत. अर्चनाचं काम सुटेल, हेही माहीत. तुमची खोली आपल्या खोलीपेक्षा मोठी नाही, तिथेही तो कोणापाशी राहील ते माझ्याजवळ उत्तर नाही. भूमिकेला घेऊन जा म्हणावं तर तेही तुला जमणार नाही, म्हणून ते लिहितच नाही. फक्त मोहितला इथे आणू नकोस. अर्चनाला सांग, भाकरी थापता थापता त्याच्याशी बोलत राहा, काहीही, शिव्या दिल्या तरी चालतील. उत्तर फोनवर देऊ नकोस, मला ऐकू येणार नाही आणि तुझ्या आईला माझ्या तोंडावरूनच कळेल. ती आखाजीपर्यंत झोळी बघत बसली तर बसू दे. भूमिकेचा टोस्ट संपला आहे. मघाशी तिनं माझ्या हाताकडे बघून तळवा उताणा केला, म्हणजे हे काय करता. मी विचार करत राहिलो, पण मागावर कोणी कधी लिहीत नाही, त्यामुळे लिहिण्याला आमच्याकडे खूणच नाही. मग मी भरलेली पानंच तिच्यापुढे धरली. तिनं कड चिमटीत घेतली, वरपासून खालपर्यंत चोळून बघितली, आणि मान हलवली. माल पास आहे.

तुझाच,
अण्णा